दुसऱ्या पक्षाची सही

अमेरिकेत मतदानाचे बहुतेक नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. विधिमंडळात ज्याचे बहुमत, तो ते आपल्या सोयीने बदलतो आणि पुढची निवडणूक त्याच नियमांनी होते. म्हणून तिथे अधूनमधून सूचना येते की असा बदल दोन्ही पक्षांच्या मंजुरीशिवाय होऊ नये. ऐकायला रास्त वाटते. मला मात्र १८९० चे मिसिसिपी आठवते.

त्या वर्षी राज्याची नवी घटना लिहायला १३४ प्रतिनिधी जमले, जवळजवळ सगळे गोरे डेमोक्रॅट. राज्यात कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक, पण त्यांच्यातला प्रतिनिधी एकच : आयझाया माँटगोमेरी. गुलामीत जन्मलेला, पुढे माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचे गाव वसवणारा, आणि पक्षाने रिपब्लिकन. मतदारावर दोन डॉलरचा कर बसला. शिवाय घटनेतले कलम वाचता यावे किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगता यावा अशी अट आली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा अधिकारी! माँटगोमेरीने याच्या बाजूने भाषण केले, मतही दिले. का दिले, यावर आजही वाद आहे. कागदावर मात्र दुसऱ्या पक्षाची सही झाली. ती घटना लोकांच्या मताला टाकलीच नाही.

टिळक आणि जिना ज्यात होते त्या १९१६ च्या लखनौ कराराने किल्ली पक्षाकडे नव्हे, समाजाकडे दिली होती. एखाद्या समाजासंबंधीच्या विधेयकाला कायदेमंडळातल्या त्याच्या तीन चतुर्थांश सदस्यांचा विरोध असेल, तर ते पुढे न्यायचे नाही. पण सभागृहात सदस्यच एक उरला, तर हे कुलूपही त्याच्या एकट्याच्या हिमतीवर.

मिसिसिपीत १९६५ पूर्वी सात टक्क्यांहून कमी कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी होती. त्या वर्षीच्या मताधिकार कायद्याने किल्ली राज्याबाहेर नेली. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची, आणि बदलाने भेदभाव होणार नाही हे राज्यानेच सिद्ध करायचे. दोनच वर्षांत नोंदणी साठ टक्क्यांच्या जवळ गेली.

दोन्ही पक्षांची खरी एकजूट दिसली ती इथे. २००६ मध्ये सिनेटने हा कायदा ९८ विरुद्ध शून्य मतांनी पुढे चालू ठेवला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना मंजुरी लागेल हे ठरवणारे कलमच रद्द केले. त्याच दिवशी टेक्सासने, याच कायद्याखाली अडलेला, मतदार ओळखपत्राचा नियम लागू करत असल्याचे जाहीर केले.