गोल चक्र आणि माणसाचा पाय

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखान्यांचा आणि कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र ज्या शरीराच्या बळावर चालते, त्या शरीराला त्यात क्वचितच जागा मिळते. सायकलच्या चेनव्हीलकडे आम्ही येथे या दृष्टीने पाहू इच्छितो. प्रश्न साधा आहे. पायडलपाशी फिरणारे हे दातेरी चक्र गोलच का असावे?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. जात्यावरच्या ओव्या आपण शिकतो, शिकवतो. पण जात्याच्या एका फेऱ्यात हाताचा जोर सारखा लागत नाही, याकडे सहसा लक्ष देत नाही. खुंटा अंगाकडे ओढताना एक जोर, दूर लोटताना दुसरा, आणि दोहोंच्या सांध्यावर हात क्षणभर दुबळा पडतो. तो क्षण वरच्या तळीचा वेग निभावून नेतो. दगड गोल असतो, माणसाचे बळ गोल नसते.

सायकलवरही हेच घडते. पायडल पुढे आडवे असताना पायाचा जोर सर्वांत अधिक लागतो. ते अगदी वर किंवा अगदी खाली असते तेव्हा तो जवळजवळ शून्यावर येतो. या जागांना मृतबिंदू म्हणता येईल. गंमत अशी की दोन पाय असूनही येथे एकाची उणीव दुसरा भरून काढीत नाही, कारण एक पाय वरच्या मृतबिंदूवर असतो त्याच क्षणी दुसरा खालच्या मृतबिंदूवर असतो. चक्र लंबगोल केले तर हा दुबळा क्षण सुसह्य होईल, ही कल्पना यातूनच आली. ती आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, सुरक्षित सायकल नवी होती तेव्हाच, युरोपात लंबगोल चक्रे बनू लागली होती.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेही याच वर्षी. सायकल विकणे आणि ती चालवायला शिकवणे, अशी दोन्ही कामे या दुकानात होत. या उद्योगातून पुढे लोखंडी नांगर निघाला, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांचे मराठी वाङ्मयातील स्थान आपण जाणतो; त्यांच्या वंशावळीत एक सायकलीचे दुकान आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. लोखंडी नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासेल, अशी शंका शेतकऱ्यांच्या मनात होती. ती शंका युक्तिवादाने गेली नाही, नांगर शेतात चालल्यावर गेली. नव्या आकाराची परीक्षा शेवटी तो वापरणाराच घेतो, एवढा धडा येथे घेता येईल.

लंबगोल चक्राची अशी परीक्षा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर झाली. जपानच्या शिमानो कंपनीने १९८३ च्या सुमारास ‘बायोपेस’ नावाचे चक्र आणले. त्याची मांडणी अशी की जोराच्या टप्प्यात चक्राची त्रिज्या लहान पडावी, पाय त्या टप्प्यातून वेगाने जावा आणि त्या वेगाच्या बळावर मृतबिंदू ओलांडावा. हे आपल्या जात्याच्या तळीचेच तत्त्व झाले. पाय सावकाश फिरवणाऱ्यांना ते मानवले. वेगाने फिरवणाऱ्या अनेकांना त्यात हिसके जाणवले. १९९० नंतरच्या काही वर्षांतच ते बाजारातून मागे पडले. पुढे फ्रान्सच्या ‘ओसिमेट्रिक’ चक्राने नेमके उलट उत्तर दिले. जोराच्या टप्प्यात त्रिज्या मोठी, म्हणजे पाय तेथे अधिक रेंगाळावा, आणि मृतबिंदूवरून झटकन निघून जावा. २०१२ साली ब्रॅडली विगिन्सने आणि २०१३ साली ख्रिस फ्रूमने अशी चक्रे वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली.

एकाच शरीराबद्दल अशी परस्परविरुद्ध दोन उत्तरे यावीत, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळांचा कौलही संदिग्ध आहे. बेताच्या श्रमात, शरीर किती प्राणवायू खर्च करते हे मोजले, तर गोल आणि लंबगोल चक्रांत लक्षणीय फरक बहुतेक अभ्यासांत आढळला नाही. अल्पकाळ पूर्ण जोर लावताना काही अभ्यासांत थोडा लाभ दिसला, काहींत दिसला नाही. आरामाविषयी तर स्वाराची सवय आणि पाय फिरवण्याची गती यांवरच बरेच अवलंबून राहते.

आता हा प्रश्न जालना जिल्ह्यात आणून पाहू. सिकंदराबाद ते मनमाड लोहमार्ग १९०० साली जालन्यावरून गेला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव आणि शाळा यांच्यामधले अंतर मात्र रेल्वेने मिटणारे नव्हते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आली, आणि जालना जिल्हा त्या कार्यक्रमात होता.

साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मोठे चाक सुमारे साडेपाच मीटर जाते. पाच किलोमीटरांना ९०० हून अधिक फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो दुबळा क्षण येतो. पाठीवर दप्तर, समोर वारा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसलेला. येथे लंबगोल चक्र उपयोगी पडेल का? आम्हांला तसे वाटत नाही. अशा चक्रावर चेन फेऱ्यागणिक थोडी सैल, थोडी घट्ट होत राहते. गिअरच्या सायकलीत ती ओढून धरणारी स्प्रिंगची कप्पी असते, साध्या सायकलीत ती नसते. त्यापेक्षा सीट उंचीला योग्य बसवणे, चेनला वेळेवर तेल देणे आणि मागचे फ्रीव्हील दोन दात्यांनी मोठे घालणे, यांनी त्या मुलीचे श्रम निश्चित हलके होतील.

तथापि लंबगोल चक्राचा इतिहास यामुळे निरर्थक ठरत नाही. वर्तुळ ही भूमितीची आणि कारखान्याची सोय आहे, पायाचा धर्म नव्हे, हे त्याने दाखवून दिले. उणीव आहे ती वेगळीच. या शंभराहून अधिक वर्षांच्या शोधात ज्यांचे पाय काटेकोरपणे मोजले गेले, ते प्रामुख्याने शर्यतीतले पाय होते. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या रस्त्यावरची मुलगी शाळेत पोचल्यावर पहिल्या तासाला किती थकलेली असते, हेही कार्यक्षमतेचेच मोजमाप आहे. ते घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकाने हजेरी घेताना मान वर करून पाहिले तरी पुरे.