द्वारपाल अनेक, यादी एक



एखाद्या किल्ल्यास पुष्कळ दरवाजे आहेत, आणि आंत कोणास सोडावें ह्याची यादी प्रत्येक पहारेकऱ्याजवळ निराळी आहे, अशी कल्पना करा. एक कारकून चाकरीवरून दूर झाला, कीं तितक्या याद्यांतून त्याचें नांव खोडावयास हवें; एका दरवाज्यावर तें राहून गेलें, तर तो तेथून खुशाल आंत येईल. संगणकांच्या जाळ्यांपुढें हाच प्रश्न उभा राहिला.

त्याचा इतिहास अमेरिकेंत सुरू होतो. तेथील संरक्षणखात्याच्या आश्रयानें १९६९ सालीं आर्पानेट हें जाळें उभारलें गेलें, व दोनच वर्षांनीं 'टिप' नांवाचीं यंत्रें त्यास जोडण्यांत येऊं लागलीं. दूरच्या मनुष्यानें दूरध्वनीवरून टिप गांठावें, आणि टिपनें त्यास हव्या त्या संगणकाशीं जोडून द्यावें, अशी योजना होती. एका टिपवर ६३ पर्यंत जोडण्यांची सोय होई. आश्चर्य हें कीं, ह्या दारीं 'आपण कोण ?' असें कोणी विचारीतच नसे. ज्यास दूरध्वनीचा क्रमांक ठाऊक, तो आंत! पुढचा संगणक काय ती ओळख विचारी. संशोधकांच्या लहानशा मंडळींत हें खपून गेलें. पण घरगुती संगणक स्वस्त झाले, तशीं भलतींच माणसें दारांत दिसूं लागलीं.

१९८३ सालीं लष्करी भाग 'मिलनेट' ह्या नांवानें वेगळा करण्यांत आला, आणि दारावर विचारपूस सुरू झाली. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या कंपनीनें अशी युक्ति काढली कीं, दारावरच्या यंत्रानें केवळ नांव व परवलीचा शब्द विचारावा, तीं दोन्ही दूर एका ठिकाणच्या संगणकाकडे धाडावीं, आणि 'होय' किंवा 'नाहीं' एवढें उत्तर आणावें. ह्या पद्धतीस 'टॅकॅक्स' म्हणतात. डिसेंबर १९८४ च्या एका निवेदनांत तर अशीहि सोय सांगितली आहे कीं, दारावर एकदा पटलेली ओळख पुढच्या संगणकास कळवावी, म्हणजे त्याच गृहस्थास दुसऱ्यांदा नांव सांगण्याचा त्रास नको.

पुढें १९९१ सालीं, मिशिगनमधील मेरिट नेटवर्क ह्या संस्थेच्या गरजेंतून लिव्हिंग्स्टन कंपनीची 'रेडियस' पद्धति निघाली. विद्यापीठांतील व कचेऱ्यांतील बिनतारी जाळ्यांवर आजहि तिचा मोठा अंमल आहे.

परंतु जाळें वापरणारा निराळा आणि जाळें राखणारा निराळा. हजारों रूटर सांभाळणाऱ्यांस तीन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात : हा कोण, ह्यास कोणत्या आज्ञा देऊं द्याव्या, आणि ह्यानें प्रत्यक्ष केलें काय. सिस्को कंपनीच्या 'टॅकॅक्स प्लस' पद्धतीनें हे तिन्ही प्रश्न वेगळे केले. तींत एकेका आज्ञेसाठीं परवानगी विचारतां येते. रेडियस निरोपांतील परवलीचा शब्द तेवढा झांकते, ही बहुतेक सारा मजकूर झांकते. मौज अशी कीं, नव्वदीच्या दशकापासून चालत आलेल्या ह्या पद्धतीचें रीतसर वर्णन २०२० सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें झांकण आजच्या मानानें अपुरें आहे, अशी कबुलीहि त्यांतच आहे !

यादी एक झाली, तसें शत्रूचें लक्ष्यहि एकच झालें. रेडियसच्या उत्तराचा खरेपणा 'एमडी-५' ह्या १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणिती रीतीवर अवलंबून होता. २००४ मध्यें त्या रीतीचें वैगुण्य उघड झालें. तरी ती तशीच चालूं ठेवली गेली. माझ्या मतें हा आळस अक्षम्य होता. जुलै २०२४ मध्यें संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, वाटेवर दबा धरून बसलेला मनुष्य, परवलीचा शब्द ठाऊक नसतांहि, कांहीं प्रकारच्या तपासणींत 'नाहीं'चें 'होय' करूं शकतो.

आणखी एक अडचण आहे. मधली वाटच तुटली, तर दुरुस्तीस आलेल्या माणसास ओळखणार कोण ? म्हणून प्रत्येक यंत्रांत एखादें नांव व परवलीचा शब्द आपत्कालासाठीं आजहि लिहून ठेवतात. ज्या याद्या दारावरून हलविल्या, त्यांतली एक ओळ दारावरच राहिली आहे. आणि कित्येक ठिकाणीं ती सर्व दारांवर एकच असते.