सोनोपोरेशन

श्राव्यातीत ध्वनीने पेशीपटलात अल्पकाळ छिद्रे पाडून औषध किंवा जनुक आत पोचवण्याची पद्धत. तिचे मुख्य साधन म्हणजे सूक्ष्मबुडबुडे: मेदाचे किंवा प्रथिनाचे पातळ कवच, आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा जड वायू आणि व्यास साधारण 1 ते 10 मायक्रोमीटर. त्यामुळे ते केशवाहिन्यांतूनही वाहतात.

बुडबुडे आधी आले ते निदानासाठी. 1968 मध्ये रेमंड ग्रॅमिॲक आणि प्रवीण शाह यांनी हृदयाच्या सोनोग्राफीत त्यांचा ठसा टिपला.

सौम्य ध्वनीत बुडबुडा लयीत फुगतो, आकसतो आणि शेजारच्या पटलाला ढकलतो, ओढतो. ध्वनी तीव्र झाला की तो कोसळतो व द्रवाची सूक्ष्म धार पटल भेदते. मात्रा जरा चढली तर पेशीच मरते. या तंत्राची खरी कसोटी हीच.

सर्वांत मोठी आशा मेंदूबाबत आहे, कारण रक्त-मेंदू अडथळा बहुतेक औषधे अडवतो. 2001 मध्ये कुलर्वो हायनिनेन यांच्या गटाने सशांमध्ये तो तात्पुरता उघडला. 2015 मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर कवटी न उघडता हाच प्रयोग झाला. नॉर्वेतील बर्गेन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 10 रुग्णांवर केमोथेरपीसोबत चाचणी झाली. निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी संख्या फार लहान होती.

जनुकांबाबत विषाणूवाहक अजून अधिक कार्यक्षम आहेत; मात्र बुडबुड्यांचे उपचार ठरावीक अवयवापुरते ठेवता येतात आणि पुन्हा देता येतात.