डोळ्यांवरची पेटी: स्टिरिओस्कोप, बाबूराव पेंटरांचा कॅमेरा आणि घरातला व्हीआर हेडसेट

१/
कोल्हापुरातल्या तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक वापरलेला व्हीआर हेडसेट विकत घेतला, यात इतिहास कुठे आला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मलाही तो पडला होता. पण ती पेटी डोळ्यांवर बांधल्यावर आमच्या आजीने एक साधा प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधताना मी १८३८ सालापर्यंत मागे गेलो. हा धागा त्या प्रवासाचा आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी खरेदीविषयी. आमचा हेडसेट घरच्या संगणकाला वायरने जोडावा लागतो. चित्र संगणक तयार करतो. हेडसेट ते फक्त दाखवतो आणि मान कोणीकडे वळली हे संगणकाला कळवतो. म्हणून हेडसेटइतकाच खर्च चांगल्या ग्राफिक्स कार्डावर होतो. पहिल्या रात्री आमचा पडदा काळाच राहिला. दोन तासांनी उमगले, की वायर मदरबोर्डच्या खाचेत लावली होती. ती ग्राफिक्स कार्डच्या खाचेत हवी होती.

३/
पेटी उघडून पाहिली तर आत विशेष गूढ असे काही नाही. डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर पडदा, त्यापुढे दोन भिंगे, आणि दोन डोळ्यांसाठी दोन किंचित निराळी चित्रे. माणसाच्या दोन बाहुल्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळा जग थोड्या वेगळ्या जागेवरून पाहतो, आणि मेंदू त्या फरकातून खोली उभी करतो. संपूर्ण व्हीआर या एका गोष्टीवर उभा आहे, आणि ही गोष्ट संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे.

४/
इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे सिद्ध केले. काटकोनात ठेवलेले दोन आरसे आणि दोन बाजूंना दोन रेखाचित्रे, एवढेच त्याचे उपकरण. रेखाचित्रे अशासाठी, की छायाचित्रणाची कला अजून जगापुढे यायची होती. ती १८३९ साली जाहीर झाली. म्हणजे खोलीचा भास निर्माण करणारे यंत्र आधी आले आणि छायाचित्र नंतर. या यंत्राचे नाव स्टिरिओस्कोप.

५/
१८४९ साली डेव्हिड ब्रूस्टर याने आरशांऐवजी भिंगे वापरून ते यंत्र हातात मावेल इतके लहान केले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ते राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीस उतरले आणि मागणीला उधाण आले. १८५४ साली स्थापन झालेल्या लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीचे ब्रीदच असे होते, की स्टिरिओस्कोपवाचून एकही घर राहू नये. १८६१ च्या सुमारास अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स याने आणखी स्वस्त आणि सुटसुटीत नमुना तयार केला, आणि त्याचे पेटंट मुद्दाम घेतले नाही. घरोघरी आभासी जग पोहोचवण्याची कल्पना अशी पावणेदोनशे वर्षांची आहे.

६/
आता या कथेत भारत येतो, पण पाहणारा म्हणून नव्हे. १९०७ साली अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकी कंपनीने जेम्स रिकल्टन याचा भारतदर्शनाचा संच विक्रीस काढला. १०० जोडचित्रे, सोबत मार्गदर्शक पुस्तक आणि नकाशे. कोणते चित्र कोठे उभे राहून घेतले आणि त्यात किती टापू दिसतो, हे नकाशावर रेषांनी दाखवलेले असे. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात बसून कुणीही मुंबई, बनारस, आग्रा हिंडून येई. रस्त्यावरची माणसे आपली, घाट आपले, देवळे आपली. मात्र कोठे उभे राहायचे आणि काय दाखवायचे, हे ठरवणारा डोळा परका होता.

७/
याच सुमारास आपल्याकडेही सावल्यांचे खेळ चालू होते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली आपली ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलती करण्याचा तो प्रयोग होता. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे झळकली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. विलायती यंत्राने टिपलेल्या आरंभीच्या देशी विषयांत कुस्ती असावी, हे कोल्हापूरकराला सुखावून जाते.

८/
१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सावेदादांनी कॅमेरा मागवला, फाळक्यांनी जाऊन आणला. दोन्ही वेळा यंत्र विलायतेचेच होते. ज्याच्याजवळ तेवढा पैसा आणि तेवढी धडपड नाही, त्याने फक्त प्रेक्षक व्हायचे, अशीच परिस्थिती होती. ती कोल्हापुरात बदलली.

९/
बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. वडील लोहारकाम, सुतारकाम आणि मूर्तिकाम जाणणारे. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव रूढ झाले. नाटकाचा पडदा म्हणजे सपाट कापडावर राजवाड्याची, अरण्याची खोली दाखवण्याची विद्या. पण त्या खोलीला एक मर्यादा असते. प्रेक्षागृहाच्या मधोमध बसलेल्याला महाल खरा वाटतो. कडेला बसलेल्याला खांब वाकडे दिसतात.

१०/
फाळक्यांच्या चित्रपटाने भारावून या दोघा बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर ते चित्रपट दाखवीत आणि दाखवता दाखवता त्या कलेचा अभ्यास करीत. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा गाभा एकच असतो: फीत क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे, आणि फीत नेमकी एक चौकट पुढे सरकली पाहिजे. हे सेकंदाला सोळा-अठरा वेळा, न चुकता. आनंदराव कॅमेरा बनवायला बसले. १९१६ साली त्यांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्यासह ते काम पुढे नेले आणि १९१८ साली कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा तयार झाला.

११/
भांडवल हवे होते. ते गायिका तानीबाई कागलकर यांनी दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरने तो भाग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. त्याच वर्षी लोकमान्य गेले. म्हणजे ही शाबासकी त्यांच्या अखेरच्या महिन्यांतली.

१२/
माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट पुढची आहे. ज्याने उमेदीची वर्षे पडदे रंगवण्यात घालवली, त्याच बाबूरावांनी चित्रपटातून रंगवलेले पडदे हद्दपार केले. त्यांनी माणूस आत शिरून वावरू शकेल असे भरीव सेट उभारले. ‘सिंहगड’ या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर कॅमेरा पुराणातून बाहेर पडून सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याच्या झोपडीपाशी गेला. रिकल्टनच्या पेटीत हाच शेतकरी केवळ देखावा होता. इथे त्याला कथा मिळाली. कॅमेरा आपल्या हाती आल्यावर काय बदलते, ते या दोन चित्रांतील अंतरावरून कळते.

१३/
पेटीकडे परत येऊ. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड याने संगणकाला जोडलेला, डोक्यावर घालायचा पडदा बनवला. मान वळवली की चित्रही त्यानुसार बदले. यंत्र इतके जड होते, की छताला टांगावे लागे. म्हणून त्याला ‘डॅमोक्लिसची तलवार’ हे नाव पडले. व्हीटस्टनच्या खोलीला सदरलँडने मानेची हालचाल जोडली. मध्यभागी बसलेल्यालाच महाल खरा दिसणार, ही नाटकाच्या पडद्याची अडचण इथे सुटली. आता प्रेक्षक जिथे सरकेल तिथून चित्र नव्याने रेखले जाते.

१४/
ते यंत्र सामान्य घरात यायला आणखी जवळपास अर्धे शतक लागले. मोबाईल फोनमुळे लहान, स्पष्ट पडदे स्वस्त झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्युलस कंपनीने लोकवर्गणीचे आवाहन केले. मागितले अडीच लाख डॉलर, जमले सुमारे २४ लाख. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट (५९९ डॉलर) आणि एचटीसी व्हाइव्ह (७९९ डॉलर) हे घरगुती संगणकांसाठीचे हेडसेट बाजारात आले. दोन्हींत प्रत्येक डोळ्याला १०८०×१२०० ठिपके आणि सेकंदाला ९० चित्रे. हा वेग चैनीखातर नाही. मान वळणे आणि चित्र बदलणे यांत थोडाही विलंब झाला, तर डोळे एक सांगतात, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगते, आणि पोटात ढवळू लागते. आमच्यातला एकजण दहाव्या मिनिटाला खुर्ची धरून बसला, त्याचे कारण हेच.

१५/
आता आजीचा प्रश्न. तिला आम्ही समुद्राचा तळ दाखवला. तिने मासा धरायला हात पुढे केला, हसली, आणि म्हणाली, “ब्येस हाय रं. पर ह्यात आपला रंकाळा दिसंल का?” गुडघ्यांमुळे तिला रंकाळ्यावर जाता येत नाही, त्याला चार वर्षे झाली. तिचे वडील म्हशी धुवायला तिथे नेत आणि तीही मागोमाग जाई. आमच्याजवळच्या कार्यक्रमांत चंद्र होता, पॅरिस होते, एव्हरेस्ट होते. रंकाळा नव्हता. मी म्हटले, “नाही गं आजी.” तिने पेटी काढून माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला रिकल्टनचा संच आठवला. पाहणारे बदलले होते. पण काय पाहायचे हे ठरवणारे अजून दूरच होते.

१६/
मग आम्ही व्हीटस्टनकडे परत गेलो. मोबाईल घेऊन रंकाळ्यावर गेलो, संध्यामठाचे एक छायाचित्र घेतले, फोन साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरे घेतले. हेडसेटमध्ये पाहिले तर चित्र सपाटच. कारण साधे होते: मठ दूर आहे, आणि इतक्या दूरच्या वस्तूसाठी दोन डोळ्यांतला फरक नगण्य असतो. दुसऱ्या दिवशी घाटाची पायरी आणि तिच्यावर ठेवलेली चप्पल चौकटीत पुढे घेतली. आता पायरी जवळ आली, पाणी पसरले आणि मठ आपोआप लांब गेला. दोन छायाचित्रांमध्ये लाटा हलल्यामुळे पाणी जरा चमचमत होते. आजीला ती चूक वाटली नाही. ती बराच वेळ गप्प बसून पाहत राहिली. मग म्हणाली, “चप्पल कुणाची रं ती?”

१७/
कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. रोज शेकडो गाड्या त्याच्या शेजारून जातात. तो केवळ जुन्या चित्रपटांचे स्मारक नाही. परदेशी यंत्र विकत घेता आले नाही तर ते उघडून, समजून, आपल्या लेथवर पुन्हा घडवता येते, आणि त्यातून आपली माणसे दाखवता येतात, याची ती खूण आहे. हेडसेट घडवणे आज कुणा एकट्याच्या आवाक्यातले नाही, हे मान्य. पण त्यात काय दिसावे, हे ठरवणे आवाक्यातले आहे. त्यासाठी एक मोबाईल, साडेसहा सेंटिमीटर आणि थोडा धीर पुरतो.

१८/
तुमच्या गावातली एखादी वेस, बारव किंवा वाडा याच पद्धतीने टिपून पाहा. दोन चित्रे शेजारी ठेवा. जवळची वस्तू चौकटीत घ्यायला विसरू नका. हेडसेट नसला तरी पुठ्ठ्याची पेटी आणि दोन भिंगे चालतील. जमले तर इथे खाली जोडा. आणि घरात कुणी वडीलधारे असतील, तर आधी त्यांना दाखवा.  धागा समाप्त.