जलपंप, जुन्या मोटारगाड्यांतील
एंजिन थंड राखण्यासाठी पाणी एंजिन व रेडिएटर यांमधून फिरविणारे साधन. फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत ते नव्हते; तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे. पुढील मॉडेल ए गाडीत (१९२७–३१) पंप आला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनी गाडीतही तो पट्ट्याने चाले. पेठनजीकच्या (जि. पुणे) अवसरी घाटासारख्या चढणीवर पंप गळाल्यास पाणी उकळते व सिलिंडरचे शीर्ष वाकण्याचा धोका असतो. उत्पादन थांबलेल्या गाडीचा नवा पंप सहज मिळत नाही. म्हणून मूळ कवच राखून बेअरिंग व सील बदलतात आणि झिजलेला दंड लेथवर नवा घडवितात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावल्या.