जुन्या मोटारीचा झाकलेला दोष आणि खरेदीदाराचा हक्क

जुन्या मोटारीच्या व्यवहारात विकणाऱ्याला गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो. ज्ञानाची ही विषमता मोटारीच्या कितीतरी शतके आधी भारतीय विधिविचाराने ओळखलेली होती. धर्मशास्त्रात ‘क्रीतानुशय’, म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूविषयी मागाहून होणारा पश्चात्ताप, हा वादाचा स्वतंत्र विषय मानला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने माल पारखण्यासाठी मुदती ठरवून दिल्या असून त्यांत लोखंडाला 1 दिवस, दुभत्या जनावराला 3, ओझे वाहणाऱ्या जनावराला 5, रत्नांना 7 आणि बियाण्याला 10 दिवस दिलेले आहेत. काही दोष नुसत्या पाहण्याने कळत नाहीत, ते वापरातूनच उघड होतात, ही जाण या मुदतींमागे दिसते. नारदस्मृतीने तर निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याकडून दुप्पट किंमत वसूल करावी आणि शिवाय तेवढाच दंड घ्यावा, असे सांगितले आहे.

वसाहतकाळात या विचाराची जागा इंग्रजी तत्त्वाने घेतली. 1893 च्या इंग्लंडमधील कायद्याच्या धर्तीवर 1930 चा मालविक्री अधिनियम तयार झाला आणि त्याच्या कलम 16 ने मालाच्या गुणवत्तेविषयी विक्रेत्याची गर्भित हमी नसते, खरेदीदारानेच सावध राहावे, हा सर्वसाधारण नियम केला. त्याला अपवाद होते; त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे, हा त्यांपैकी एक. परंतु खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना हा अपवाद लागू होत नसे. त्यामुळे गाडी पाहून, चालवून घेतलेल्या माणसाला आपल्या तक्रारीतला दोष तपासणीत दिसण्यासारखा नव्हता, हे पटवून द्यावे लागे.

स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईने त्याची बाजू आणखी दुबळी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर यांच्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागत असल्याने जुन्या गाडीला कायम गिऱ्हाईक असे, आणि पर्याय नसलेला खरेदीदार फार चौकशी करू शकत नसे. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारणे, झिजलेल्या इंजिनाचा आवाज दबावा म्हणून दाट तेल घालणे आणि मीटर मागे फिरवणे, म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली याची नोंद घटवणे, या युक्त्या गॅरेज आणि दलाल यांच्या जगात सर्वज्ञात होत्या.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, 1991 नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि टंचाई ओसरली. 2001 मध्ये मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने जुन्या गाड्यांची विक्री सुरू केली, तेव्हा तपासणी करून प्रमाणित केलेली गाडी ही कल्पना मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. तथापि दोष लपवण्याची तंत्रेही बदलली. डिजिटल मीटरचा आकडा संगणकाला जोडलेल्या उपकरणाने बदलता येऊ लागला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या वायरिंगमध्ये आणि जोडांमध्ये शिरलेला ओलावा बाहेरून दिसत नाही, त्याचे परिणाम मात्र कित्येक महिन्यांनी जाणवतात.

या फसवणुकीची झळ एकट्या खरेदीदाराला बसत नाही, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये नेमक्या जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने मांडले. चांगली आणि खराब गाडी ओळखता येत नसल्याने ग्राहक मध्यम किंमतच देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. पुढे 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अमेरिकेत 1985 पासून डीलरने विक्रीच्या गाडीला सूचनापत्रक लावून तिच्यावर हमी आहे की ती आहे त्या स्थितीत विकली जात आहे, हे लिहून सांगणे बंधनकारक झाले.

भारतात 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या कायद्याने, व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा पातळीवर दाद मागण्याचा तुलनेने सोपा मार्ग दिला. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी जुन्या वाहनांच्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणे आणि ताब्यात आलेल्या गाडीची सूचना देणे आवश्यक केले. गाडी कोणाच्या हातात आहे, याची जबाबदारी त्यामुळे निश्चित झाली. परंतु गाडी कोणत्या स्थितीत आहे, हा प्रश्न या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिला. दोषाचे ज्ञान ज्याच्याकडे आहे, त्यानेच ते लेखी सांगावे, हे बंधन येईपर्यंत खरेदीदाराला न्याय मिळण्याची वाट दोष उघड झाल्यानंतरच्या तक्रारीतूनच जाईल, आणि तोवर त्याचे पैसे, वेळ व कित्येकदा सुरक्षितताही पणाला लागलेली असेल.