निपाणीच्या विडीघरांतला गृहपाठ

मी निपाणीत मराठी शाळेत शिकवलं. आमच्याकडे गृहपाठाचा इतिहास तंबाखूपासून वेगळा काढता येत नाही.

माझ्या वडिलांच्या लहानपणी घरचा अभ्यास म्हणजे दिवेलागणीचे पाढे, पावकी-निमकी आणि पाटीवरचं शुद्धलेखन. पाढा मोठ्यानं म्हणायचा असल्यामुळे निरक्षर आईलाही चूक ऐकू यायची. ही त्या अभ्यासाची मोठी ताकद होती. 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. पुढे मुलांच्या दप्तरात कन्नडची वही आली, आणि ती तपासू शकेल असं मोठं माणूस पुष्कळ घरांत नव्हतं.

त्यातच विडी. बाया तंबाखूच्या वखारीतून दमून यायच्या, काही घरीच सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. मजुरी हजारी विड्यांच्या हिशेबानं. हजार भरायला पोरींचे हात लागायचे. पानं कापायची, तोंडं दुमडायची, दोरा गुंडाळायचा. मग निबंध कधी लिहिणार? 1986 च्या बालकामगार कायद्यानं विडीकामावर मुलं ठेवायला बंदी केली, पण कुटुंबाच्या मदतीनं चालणारं घरचं काम त्यातून वगळलं.

एकट्यानं गणित सोडवताना मुलाला जो धीर येतो, तो वर्गात येत नाही, हे मी मनापासून मानतो. पण त्यासाठी रिकामी संध्याकाळ लागते. शिक्षकांनो, वही अपुरी दिसली तर छडीआधी घरी काय काम चालतं ते विचारा, आणि शाळा सुटल्यावर तासभर वर्ग उघडा ठेवा.